दातांच्या तातडीच्या तक्रारी : प्राथमिक सेवेतील डॉक्टरांना नेमके काय शिकवावे?

प्रश्न
आमच्या केंद्रात दंतवैद्य नाहीत, त्यामुळे गाल सुजलेले, मार लागून दात निखळलेले किंवा दात काढल्यावर रक्त न थांबणारे रुग्ण आधी आमच्याकडेच येतात. प्रतिजैविक आणि वेदनाशामक लिहून त्यांना पुढे पाठवणे एवढेच बहुतेक सहकाऱ्यांना सुचते. दोन दिवसांचे प्रशिक्षण आखायचे झाल्यास भर कशावर द्यावा?

उत्तर १ (दंतशल्यचिकित्सक)
माझ्या मते आरंभ निखळलेल्या दातापासून करावा, कारण तिथे पुढे पाठवण्यात गेलेला वेळच दात गमावण्यास कारणीभूत ठरतो. कायमचा दात मुळाला स्पर्श न करता वरच्या भागाला धरून उचलावा, मळला असल्यास दुधाने किंवा सलाइनने हलकेच धुवावा आणि तत्काळ खोबणीत बसवून रुग्णाला गॉजवर चावून धरण्यास सांगावे. ते शक्य नसेल तर दात दुधात ठेवावा. सुमारे 60 मिनिटे कोरडा राहिल्यास मुळावरील पेशी जगण्याची शक्यता फारच कमी होते. दुधाचा दात मात्र कधीही परत बसवू नये, कारण त्याखालील कायमच्या दाताच्या अंकुराला इजा होऊ शकते. हे सारे व्याख्यानाने येत नाही, प्रतिकृतीवर प्रत्येकाच्या हातून करून घ्यावे लागते.

उत्तर २ (तातडीच्या विभागातील डॉक्टर)
मी धोक्याची लक्षणे ओळखण्याला त्याहूनही अधिक वेळ देईन. जबड्याखाली दोन्ही बाजूंना कडक सूज, वर ढकललेली जीभ, तोंड उघडता न येणे, लाळ गळणे किंवा आवाज बदलणे यांपैकी काहीही दिसल्यास श्वासमार्ग बंद होण्याची भीती असते आणि अशा रुग्णाला गोळ्या देऊन घरी पाठवणे जीवघेणे ठरू शकते.

प्रश्नकर्ता
आणि ज्यांना केवळ असह्य ठणका आहे, त्यांना प्रतिजैविक द्यावे का?

उत्तर १ (दंतशल्यचिकित्सक)
ताप किंवा पसरणारी सूज नसेल तर देऊ नये. दाताच्या आतील मज्जेचा दाह प्रतिजैविकाने शमत नाही. मनाई नसल्यास आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र द्यावे, स्थानिक भूल देता येत असेल तर तिने तासन्‌तास आराम पडतो. गळू असल्यास पू बाहेर काढणे हाच खरा उपचार आहे. रक्तस्रावासाठी घडी केलेला गॉज जखमेवर ठेवून 20 मिनिटे सलग चावून धरायला लावावे आणि मधेच उचलून पाहू नये. तरीही न थांबल्यास टाके घालावे लागतात, म्हणून टाके घालण्याचा सरावही दुसऱ्या दिवशी अवश्य ठेवावा.