बार्शी लाइटचं पडकं स्टेशन पाडायचं का?

माढेकर: काल इथं एकानं लिहिलं, "शिवारातलं ते पडकं स्टेशन पाडा, इंग्रजांच्या खेळण्यातल्या गाडीचं कसलं कौतुक!" रात्रभर डोक्यातून जाईना. अहो, बार्शी लाइट ही छोट्या रुळांची रेल्वे उभारणाऱ्या कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं एका आसावर 5 टनांच्या वर भार नको, हे धरून अडीच फुटी रुळांवर इंजिनापासून वाघिणीपर्यंत सगळं बेतलं. 1897 ला बार्शी, 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर, 1927 ला मिरज. खेळणं एवढं लांब जातं का? पुढं रुळांचं रुंदीकरण करून ब्रॉडगेज, म्हणजे मोठी लाइन, केली, त्यात लाइन सरळ केली नि आमचं स्टेशन बाजूला पडलं. तिकीट खिडकीची फरशी बघून या, चिल्लर सरकवून सरकवून मधोमध खळगा पडलाय.

हमालाचा नातू: लिहिणारा मीच. माझे आजोबा कुर्डुवाडीला हमाल होते. बार्शीकडचा कापूस लहान वाघिणीतून काढायचा नि मोठ्या लाइनच्या वाघिणीत भरायचा, सगळं पाठीवर. का, तर रुळांची रुंदी वेगळी. मरेपर्यंत त्यांचा उजवा खांदा खाली होता. खळगा बघायचा तर तो बघायचा.

बार्शीकर: त्याच हमालीवर तुमचं घर उभं राहिलं, तेही लिहा की.

हमालाचा नातू: आमच्या घरातलं तुम्ही काढू नका. एप्रिल 2016 च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला 5 लाख लिटर. ते ब्रॉडगेजवरनं आलं, तुमच्या छोट्या लाइनवरनं नाही.

सीनाकाठ: पाण्याचं काढलंच आहे तर गेलं कुठं ते बोला! आमची विहीर 60 फुटांवर भरलेली असायची. शेजारी ऊस लागला, बोअर पडल्या, आता 500 फुटांवर फुफाटा. टँकरच्या रांगेत आईची कंबर गेली. तुम्ही रूळ मोजत बसा.

बार्शीकर: ऊस लावू नको तर काय लावू? ज्वारीला भाव तुम्ही देणार?

सीनाकाठ: भाव नाही म्हणून दुसऱ्याची विहीर उपसायची?

माढेकर: उसाचा वेगळा धागा काढा. पाण्याची गाडी मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूर अशीच गेली ना? उस्मानाबादचं वळण सोडलं तर ही वाट बार्शी लाइटचीच.

हमालाचा नातू: वाटेचं मान्य. ठेवा स्टेशन. पण पाटी लावाल तेव्हा त्यावर हमालांची एक ओळ पाहिजे, नुसता कॅलथ्रॉप चालणार नाही.

माढेकर: आजोबांचा बिल्ला आहे का घरात?

हमालाचा नातू: आहे. पितळी. नंबर झिजलाय, शेवटचा 7 तेवढा वाचता येतो.