मदत हवी आहे: हिपॅटायटिस सी, एनएस५ए, कोडॉन ९३ ला दोन पीक. वाय९३एच म्हणायचं का?

नमस्कार मंडळी,

नमुना जिनोटाइप ३ए चा (विषाणूचा एक उपप्रकार) आहे. सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर या औषधांचा कोर्स पूर्ण झाला, पण विषाणू परत आला. एनएस५ए (डॅक्लाटासव्हिर ज्यावर काम करतं ते विषाणूचं प्रथिन) च्या जनुकाचा तुकडा पीसीआरने वाढवून सँगर सिक्वेन्सिंग केलं, म्हणजे त्याची अक्षरं पीकच्या आलेखावरून वाचली. कोडॉन ९३ (एका अमिनो आम्लासाठीची तीन अक्षरं) च्या पहिल्या अक्षराला टी चं ठळक पीक आणि त्याच्या पोटात सी चं बुटकं, साधारण पाव उंचीचं. सॉफ्टवेअरने बिनदिक्कत टी लिहून टाकलंय. पण टीएसी चं सीएसी झालं की टायरोसिनच्या जागी हिस्टिडीन, म्हणजे नेमकं वाय९३एच, औषधाला दाद न देणारं म्युटेशन, त्यामुळे दुर्लक्ष करवत नाही. रिव्हर्स रीड (उलट बाजूने केलेलं वाचन) तिथवर येईपर्यंत पार गढूळ झालाय.

एक गोष्ट खटकते: औषध हरलंय, तर सी चंच पीक मोठं हवं होतं ना? एनएस३ (विषाणूचं दुसरं प्रथिन) ची म्युटेशन्स काही महिन्यांत मागे पडतात, एनएस५ए ची तर वर्षानुवर्षं टिकतात. व्हायरल लोडही फार नव्हता.

रिपोर्टमध्ये मिश्र म्हणून लिहू, की थेट डीप सिक्वेन्सिंगला (थोड्या प्रमाणातले प्रकारही पकडणारं वाचन) पाठवू? आणि तिथे कट-ऑफ, म्हणजे किमान किती टक्के दिसलं तर नोंदवायचं, किती धरता?

प्रतिसाद:

आधी रिव्हर्स प्रायमर (उलट वाचन जिथून सुरू होतं तो छोटा तुकडा) आत सरकवून पुन्हा वाचा. त्या बाजूने ए च्या पोटात जी दिसला पाहिजे. नाही दिसला, तर तो बहुधा शेजारच्या पीकचा गोंधळ. पण हे जुन्याच पीसीआर प्रॉडक्टवर करून थांबू नका, प्लाझ्मातून आरएनए नव्याने काढा. व्हायरल लोड कमी असला की मोजक्याच प्रतींपासून सुरुवात होते. पहिल्या फेऱ्यांतली एखादी चूक किंवा योगायोगाने जास्त उचलली गेलेली प्रत शेवटी खऱ्या म्युटेशनसारखीच दिसते.

दोन्हीकडून दिसलं तर टायरोसिन/हिस्टिडीन मिश्र असं लिहा. सँगरने साधारण १५ ते २० टक्क्यांखालचं भरवशाने दिसत नाही, तुमचं प्रकरण काठावरचं आहे. डीप सिक्वेन्सिंगमध्ये १५ टक्के कट-ऑफ रूढ आहे. त्याखालच्यांचा उपचारावर फारसा परिणाम दिसत नाही, १ टक्क्यापर्यंत खणून डॉक्टरांना उगाच घाबरवू नका.

त्याच रीडमध्ये कोडॉन ३० बघितलात का? ३ए मध्ये ए३०के (तिथलं, अलानिनच्या जागी लायसिन आणणारं म्युटेशन) हमखास तपासावं. क्रमांक मात्र एच७७ (संदर्भ म्हणून वापरला जाणारा विषाणूचा क्रम) प्रमाणेच लावा.