मदत हवी आहे: जुन्या पिकअपचा अल्टरनेटर बदलताना व्हॅक्यूम पंपाचं काय करायचं?

नमस्कार मंडळी,

आमची 2008 ची बोलेरो पिकअप, डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन. वयोमानाने अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो, गेलाय. गाडी चालू असताना बॅटरीवर मीटर लावला तर जेमतेम 12.1 व्होल्ट, खरं तर 14 च्या आसपास हवेत. बेल्ट ताणला, अर्थिंगची वायर घासून लावली, फरक शून्य. बेअरिंगही घरघरतंय.

दुसरा अल्टरनेटर आणलाय. अडचण त्याच्या मागच्या व्हॅक्यूम पंपाची. ब्रेक बूस्टरला (ब्रेक पेडल हलकं करणारा डबा) व्हॅक्यूम तिथूनच मिळतो आणि पंपाला इंजिन ऑइलची बारीक नळी येते. नव्यावर त्या नळीचं तोंड वेगळ्या बाजूला आहे. नळी जबरदस्तीने वाकवायची नाही. ती चिरली तर इंजिनचं सगळं तेल रस्त्यावर. आणि व्हॅक्यूम कमी पडला की ब्रेक दगडासारखा होतो. टोमॅटोचे क्रेट भरून माळशेज घाट उतरायचा असतो, तिथे हा धोका कसा पत्करणार?

जुना पंप काढून नव्या अल्टरनेटरवर चढवता येतो का? शाफ्टच्या स्प्लाइन (दाते) जुळतील की नाही हे आधी कसं तपासायचं? पहिल्या स्टार्टआधी पंपात थोडं इंजिन ऑइल सोडावं का? शिवाय नवी पुली किंचित पुढे येते, बेल्ट तिरका पळतोय. वॉशर घालायचा की जुनी पुलीच लावायची?

नारायणगाव, जुन्नर भागात हे काम नीट करणारा ऑटो इलेक्ट्रिशियन माहीत असेल तर तेही कळवा. टोमॅटो तोडणीला आलाय, गाडी लवकर रस्त्यावर आणायची आहे.