मदत हवी आहे: भिशी, आरडी आणि आमची रोजची कुरबुर

आम्ही सांगलीत, विश्रामबागला. दोघांचा पगार येतो, तरी २० तारखेनंतर घरात धुसफूस ठरलेली. ह्यांची मित्रांत ५,००० ची भिशी, सगळं तोंडी. मी म्हणते पोस्टात आरडी काढू, तर म्हणतात, "५ वर्षं पैसे अडकतात, अडीनडीला काय?" १२ हप्त्यांनंतर निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं म्हटलं, तर "बघू." (मागची भिशी उचलली ती बुलेटच्या सायलेन्सरला. ही अडीनडी!) मी मात्र गणपती पेठेतून पाव किलो बदाम आणले, तर पिशवीतली चिठ्ठी काढून वाचतात.

घरखर्चाला सामाईक खातं कुणी काढलंय का? निम्मं-निम्मं भरता की पगाराच्या प्रमाणात? आणि सासूबाईंची औषधं त्यातच धरता का?