प्रायव्हसीवाली ओएस चालेल असा फोन हवाय, बजेट ३५ हजार, यूपीआय आणि जिओ दोन्ही लागतं (पुणे)

धनकवडीहून

नमस्कार मंडळी. मी एका छोट्या संस्थेत समुपदेशनाचं काम करते. घरात मारहाण सोसणाऱ्या बायका आमच्याकडे येतात, त्यांचे नंबर, कधी दवाखान्याच्या कागदांचे फोटो, कधी रात्री अकराला पाठवलेले व्हॉइस मेसेज, हे सगळं माझ्या स्वतःच्या फोनमध्ये असतं कारण संस्थेला वेगळा फोन परवडत नाही.

मध्यंतरी आमच्याकडे येणाऱ्या एका ताईंनी झटपट कर्ज देणारं कुठलंतरी ॲप घेतलं, हप्ता चुकला आणि वसुलीवाल्यांनी त्यांच्या कॉन्टॅक्टमधल्या सगळ्यांना घाणेरडे मेसेज पाठवले, त्यात मी होते, त्यांचे मालक होते आणि ज्या सासरपासून त्या लपून राहत होत्या ती सासू पण होती. तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही की माझ्या फोनमधली यादी अशी कुणाच्या हाती लागली तर काय. मग २०२५ च्या शेवटी ते संचार साथी नावाचं सरकारी ॲप सगळ्या नवीन फोनात आधीच टाकून द्यायचा आदेश आला आणि दोनचार दिवसांत मागे पण घेतला, तेव्हा ऑफिसात यावर खूप बोलणं झालं आणि एका सहकाऱ्याने ग्राफिनओएस या प्रायव्हसी जपणाऱ्या अँड्रॉइड ओएसचं नाव सांगितलं.

तापकीर गल्लीत एका दुकानात विचारलं तर ते म्हणाले कुठलाही फोन आणा, रूट करून देतो, दीड हजार घेऊ. हे खरंय का? मला व्हॉट्सॲप सोडता येणार नाही (बायकांकडे तेच असतं), यूपीआय लागतं, एका सहकारी बँकेचं ॲप लागतं, मराठी टायपिंग लागतं आणि सिम जिओचं आहे. टेक्निकल ज्ञान बेताचंच, पण नीट सांगितलं तर करेन.

पर्वतीपायथा

ताई, आधी त्या दुकानाचं. रूट करून घेऊ नका, अजिबात नको. रूट करणं म्हणजे फोनमधल्या सगळ्यात आतल्या कुलपाची किल्ली बाहेर काढून ठेवणं, आणि तुम्हाला तर नेमकं उलटं पाहिजे. शिवाय तुमचा फोन दुसऱ्याच्या हातात अनलॉक होऊन त्यात काय भरलं गेलं ते तुम्हाला कधी कळणार नाही.

आता फोनचं. ग्राफिनओएस हवं असेल तर सध्या ते फक्त गूगलच्या पिक्सेलवर चालतं. गूगलपासून लांब जायचं आणि फोन गूगलचाच घ्यायचा हे विचित्र वाटतं हे मला मान्य आहे, पण कारण पक्कं आहे. पिक्सेलचा बूटलोडर (फोन चालू होताना ओएस सुरू करणारा आतला प्रोग्रॅम) तुम्ही उघडू शकता, दुसरी ओएस टाकू शकता आणि मग *परत लॉक* करू शकता, त्या दुसऱ्या ओएसच्या सहीसकट. म्हणजे प्रत्येक वेळी फोन चालू होताना आतली ओएस कुणी बदलली नाही ना हे फोन स्वतः तपासतो. बाकी बहुतेक कंपन्यांच्या फोनवर दुसरी ओएस टाकली की दार कायमचं उघडं राहतं. आणि पिक्सेलमध्ये टायटन एम२ नावाची वेगळी सिक्युरिटी चिप आहे (६ पासून पुढे), ती पिन वारंवार चुकीचा टाकणाऱ्याला जास्त जास्त वेळ थांबवते.

कुठला पिक्सेल, तर ८ सिरीज किंवा त्यापुढचाच बघा. ६ आणि ७ ला गूगलने ५ वर्षांचे सिक्युरिटी अपडेट दिलेत, ८ पासून ७ वर्षं. ८ए आला मे २०२४ मध्ये, म्हणजे मे २०३१ पर्यंत. ६ए चे जुलै २०२७ ला संपतात. कंपनीचे अपडेट संपले की ग्राफिनवाले पण फर्मवेअर (चिप वगैरे चालवणारं कंपनीचं आतलं सॉफ्टवेअर) दुरुस्त करू शकत नाहीत, म्हणून फोन किती जुना यापेक्षा त्याची शेवटची तारीख बघायची. दुसरं म्हणजे ८ पासून मेमरी टॅगिंग नावाची सोय हार्डवेअरमध्येच आहे आणि ग्राफिन ती नीट वापरतं, त्यामुळे हॅकिंगचे बरेचसे प्रकार तिथल्या तिथे अडतात.

तुमच्या कामासाठी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती कॉन्टॅक्ट स्कोप्स. ॲप कॉन्टॅक्ट मागतं, तुम्ही त्याला "दिले" असं भासवता पण प्रत्यक्षात रिकामी यादी किंवा तुम्ही निवडलेले चारच नंबर देता. ॲपला वाटतं परवानगी मिळाली, ते कुरकुर न करता चालतं. फोटोंसाठी पण तसंच, स्टोरेज स्कोप्स. त्या ताईंच्या फोनवर ही सोय असती तर कर्जाच्या ॲपचं जे झालं ते नेमकं इथे अडलं असतं.

जुनाच_बरा

सगळ्यांना पिक्सेल परवडत नाही हे पण लिहा की. लिनिएजओएस नावाचं दुसरं अँड्रॉइड शेकडो मॉडेलवर चालतं, सायनोजेनमॉड नावाचं आधीचं २०१६ च्या डिसेंबरमध्ये बंद झालं तेव्हा त्यातूनच हे निघालं, आणि त्यात गूगलची ॲप आधी घातलेली नसतात. मी स्वतः एका जुन्या वनप्लसवर वापरतो, फोन कंपनीने सोडून दिला तरी तो अजून चालतोय. ताईंकडे आत्ता कुठला फोन आहे ते तर आधी विचारा, नवीन घ्यायचीच गरज नसेल कदाचित.

पर्वतीपायथा

लिनिएजबद्दल मला आदर आहे, जुना फोन कचऱ्यात जाण्यापासून वाचतो ही मोठी गोष्ट आहे आणि गूगलचा डेटा गोळा करणं कमी करायचं एवढंच असेल तर चांगलंच आहे. पण ताईंचा प्रश्न वेगळा आहे. त्यांच्या फोनवर कोणाचातरी नवरा हात टाकू शकतो, हिसकावून घेऊ शकतो. लिनिएजवर बहुतेक मॉडेलचा बूटलोडर उघडाच ठेवावा लागतो, आणि अँड्रॉइडचे पॅच आले तरी कंपनीचे खालचे फर्मवेअर पॅच येणं थांबलेलं असतं. दुसरं जिओ. जिओला टूजी थ्रीजी नाहीच, कॉल सगळा व्होल्टीवर, म्हणजे फोरजीवरूनच. एखाद्या फोनवर अशा बाहेरून टाकलेल्या ओएसमध्ये व्होल्टी चाललं नाही तर कॉलच लागत नाही, आणि रात्री अकराला फोन येणाऱ्या बाईसाठी ते चालणार नाही. भारतात विकलेल्या पिक्सेलवर जिओ नीट चालतं.

शिवाय बूटलोडर उघडू देणंच कमी होत चाललंय. शाओमी काही दिवस थांबायला लावते आणि अटी वाढवत चाललीय, सॅमसंगने वन यूआय ८ (त्यांच्या अँड्रॉइडची आवृत्ती) पासून ती सोयच काढली, ह्युआवेने तर २०१८ मध्येच बंद केलं.

हिंजवडी_फेज२

मी पेमेंटच्या ॲपवर काम करतो (कंपनी सांगत नाही), त्यामुळे यूपीआयचं मी लिहितो कारण लोक नेमके इथेच अडतात आणि मग आठवड्यात परत जुन्या फोनवर जातात.

ग्राफिनमध्ये गूगल प्ले साध्या ॲपसारखं टाकता येतं, सँडबॉक्समध्ये, म्हणजे त्याला खास अधिकार काही नसतात, तुम्ही जेवढी परवानगी द्याल तेवढीच. त्यामुळे प्ले सर्व्हिसेस लागणारी बरीच ॲप चालतात. पण काही बँका गूगलचं प्ले इंटिग्रिटी तपासतात आणि त्यात "गूगलने मंजूर केलेली ओएस आहे का" हा कडक प्रकार लावला असेल तर ॲप उघडतच नाही. कोण लावतं, कोण नाही, हे अपडेटनुसार बदलत राहतं. म्हणून ताई, तुमच्या सहकारी बँकेचं ॲप चालेलच असं कोणी छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नका, टाकून बघायचं हाच मार्ग. टॅप करून पैसे देणारं गूगल पे मात्र चालत नाही हे नक्की, क्यूआर स्कॅन करायचा विषय वेगळा.

ॲप चाललं नाही तर लगेच हार मानू नका, आधी हे बघा. डेव्हलपर ऑप्शन्स बंद केलेत का, आपल्याकडच्या पुष्कळ बँकांची ॲप ते चालू दिसलं की उघडायलाच नकार देतात. मग कुठलं ॲक्सेसिबिलिटीवालं ॲप चालू आहे का ते. मग त्या एका ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन एक्सप्लॉइट प्रोटेक्शन कंपॅटिबिलिटी मोड चालू करून बघा, क्रॅश होणारी काही ॲप तेवढ्याने चालतात. आणि नोंदणीच्या वेळी बँकेतला नंबर ज्या सिमचा आहे ते सिम त्याच फोनमध्ये पाहिजे, कारण यूपीआय त्या सिमवरून एसएमएस पाठवून फोन बांधून घेतं. "जुन्या फोनवर यूपीआय ठेवा, नवीनमध्ये बाकी सगळं" असं लोक सुचवतात ते एकाच सिमवर जमत नाही, बँकेत दुसरा नंबर द्यावा लागेल.

मी सुचवेन की बँक आणि प्ले स्टोअर एका वेगळ्या यूजर प्रोफाइलमध्ये टाका आणि कामाचे नंबर, फोटो मुख्य प्रोफाइलमध्ये. एका प्रोफाइलमधल्या ॲपला दुसऱ्यातल्या फाइल, कॉन्टॅक्ट दिसत नाहीत. ते जरा कटकटीचं आहे, सारखं प्रोफाइल बदलावं लागतं, पण तुमच्या कामाला एवढी कटकट वाजवी आहे.

कॅम्पवाला

बजेटचं कोणीच बोललं नाही अजून. ८ए भारतात आला तेव्हा ५२,९९९ होता, ९ए ४९,९९९ ला, त्यामुळे ३५ हजारात नवीन धरायचा तर सेलची वाट बघा, नाहीतर सेकंडहँड. सेकंडहँडमध्ये पुण्यात फसायच्या जागा सांगतो.

बाहेरून आणलेले पिक्सेल इथे भरपूर फिरतात, त्यात अमेरिकेतले व्हेरायझनचे पण असतात आणि त्यांचा बूटलोडर उघडतच नाही. बाहेरून तो अगदी बाकीच्यांसारखाच दिसतो. (आणि अमेरिकन पिक्सेल १० ला तर सिमचा ट्रेच नाही, फक्त ईसिम.) म्हणून दुकानातच उभं राहून हे करा: तुमच्या मोबाईलचा हॉटस्पॉट लावा, सेटिंग्ज, अबाउट फोन, खाली बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप, मग सिस्टीममध्ये डेव्हलपर ऑप्शन्स उघडतं, त्यात ओईएम अनलॉकिंग (बूटलोडर उघडू देणारं बटण). ते बटण उजवीकडे सरकलं तर फोन घ्या. राखाडी आहे, हलत नाही, तर आधी नेट लागलंय ना बघा, आणि तरी हलत नसेल तर दुकानदार काही म्हणो, पैसे खिशातच ठेवा. "घरी गेल्यावर होईल" हे ऐकायचं नाही.

त्याआधी *#०६# डायल करून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) घ्या आणि KYM ही तीन इंग्रजी अक्षरं, मग जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ ला टाका, चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर कळेल. आधीच्या मालकाचं गूगल अकाउंट समोरच काढून घ्या. ६ए आणि ७ए स्वस्त मिळतात पण सोडा, काही ६ए ची बॅटरी तापते म्हणून गूगलने २०२५ मध्ये सक्तीचा अपडेट देऊन ४०० चार्जिंगनंतर तिची क्षमता कमी केली आणि ७ए च्या काही बॅटऱ्या फुगल्यात.

धनकवडीहून

किती नीट लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून धन्यवाद. म्हणजे ८ए किंवा ९ए, भारतातलाच, ते बटण बघून. आता तीन गोष्टी. व्हॉट्सॲपचं जुनं सगळं येईल का? मराठी टायपिंग? आणि कोणी फोन हिसकावला तर? एकदा आमच्या ऑफिसबाहेर असं होता होता राहिलंय. आणि हो, कोणीतरी भारओएसचं पण सुचवलं, ते चालेल का?

पर्वतीपायथा

भारओएस आयआयटी मद्रासच्या इन्क्युबेटरमधल्या कंपनीचं, जानेवारी २०२३ मध्ये समोर आलं, त्यांचा भर संस्थांना सेवा देण्यावर होता, तुम्ही घरी बसून डाउनलोड करून टाकाल असं ते नाही.

मराठीसाठी तुम्ही आत्ता जीबोर्ड वापरत असाल तर तोच टाका आणि त्याची नेटवर्क परवानगी काढून घ्या. ग्राफिनमध्ये प्रत्येक ॲपचं नेट वेगळं तोडता येतं. टायपिंग चालतं, तुम्ही काय टाइप केलं ते त्याला स्वतःहून बाहेर पाठवता येत नाही. व्हॉट्सॲप चालतं, चॅट जुन्या फोनवरून क्यूआर स्कॅन करून ट्रान्सफर करा, पण जुना फोन पुसायच्या *आधी*. त्याला कॉन्टॅक्ट स्कोप्समध्ये फक्त कामाचे नंबर द्या.

हिसकावण्याबद्दल. फोन लॉक झाल्यावर १८ तास कोणी उघडला नाही तर तो आपोआप रीस्टार्ट होतो आणि सगळा डेटा परत पूर्ण कुलूपबंद होतो, ही वेळ तुम्ही कमी करू शकता, तुमच्या कामाला मी बरीच कमी ठेवेन. लॉक असताना यूएसबीतून डेटा काढता येत नाही. पिनचे आकडे दर वेळी जागा बदलतील असं ठेवता येतं, म्हणजे बसमध्ये शेजारच्याने बोटं बघून उपयोग नाही. आणि एक ड्युरेस पिन ठेवता येतो, कोणी जबरदस्तीने पिन मागितला तर तो सांगायचा, टाकल्याबरोबर फोन पूर्ण पुसला जातो, परत येत नाही. हा मात्र घरातल्या लहान मुलाला चुकून कळणार नाही असा ठेवा, आणि कामाच्या नोंदींची एनक्रिप्टेड कॉपी दुसरीकडे असल्याशिवाय चालूच करू नका.

कॅम्पवाला

आणि दुकानदाराकडून टाकून घेऊ नका, स्वतः टाका, ग्राफिनच्या साइटवर वेब इन्स्टॉलर आहे, क्रोममध्ये उघडायचा, एकेक बटण दाबत जायचं.

धनकवडीहून

विंडोज १० चा जुना लॅपटॉप आहे, चालेल ना? लिनक्स वगैरे मला येत नाही.

हिंजवडी_फेज२

बहुधा चालेल, पण साइटवरच्या चालणाऱ्या सिस्टीमच्या यादीत आहे ना ते आधी बघा. ३२ जीबी जागा रिकामी करा, इनकॉग्निटो विंडो नको, यूएसबी हब नको, चांगली केबल थेट लॅपटॉपला. फोन दिसलाच नाही तर विंडोज अपडेटमधल्या ऑप्शनल अपडेटमध्ये ड्रायव्हर असतो तो घ्या. अनलॉक करताना फोन एकदा पुसला जातो आणि लॉक करताना परत एकदा, म्हणून मध्येच त्यात काही भरू नका. लॉक करायची पायरी मात्र सोडू नका, लोक ओएस चालू झाली की खुश होऊन तिथेच थांबतात. सगळं झाल्यावर ओईएम अनलॉकिंग बंद, मग डेव्हलपर ऑप्शन्स बंद, आणि मगच बँकेचं ॲप टाका. चालू होताना पिवळी सूचना दिसेल की वेगळी ओएस आहे, ती दर वेळी येणार, घाबरू नका, पण तिच्याखालचे आकडे-अक्षरं पहिल्या वेळी साइटवर दिलेल्याशी ताडून बघा. तुमच्या बँकेचं ॲप चाललं की नाही ते इथे नक्की लिहा, सहकारी बँकांची माहिती कुठे मिळत नाही.