पुढचं डावं चाक धरतंय, कॅलिपरचा पिस्टन आत जाईना

जुळे_सोलापूरकर
गाडी २०१२ची, डिझेल, पुढे डिस्क, मागे ड्रम. रविवारी तुळजापूरला देवीला गेलो होतो. येताना घाट उतरल्यावर जळका वास यायला लागला. तामलवाडीजवळ थांबून बघितलं तर डावी रिम हात लावू देईना, बाटलीतलं पाणी टाकलं तर चर्रर्र. उजवी नुसती कोमट. स्टिअरिंगही डावीकडं ओढतंय.

घरी चाक काढलं. आतला पॅड पत्र्यापर्यंत गेलाय, बाहेरचा निम्मा शिल्लक. कॅलिपर म्हणजे पॅड डिस्कवर आवळणारा चिमटा, त्यातला पॅड ढकलणारा पिस्टन शिकंजा लावून दाबला, तसूभर हलला नाही. गॅरेजवाला म्हणतो अख्खा कॅलिपर बदला. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडं कॉम्प्रेसर आहे, त्याच्या हवेनं पिस्टन उडवून काढावा म्हणतोय. कुणी केलंय का?

होटगी_रोड_१३
ब्रेकशी खेळ नको बे. नवीन कॅलिपर टाक अन् मोकळा हो.

जुना_फिटर
हवेचा नाद आधी सोडा. जाम पिस्टन सुटतो तो गोळीसारखा. आमच्या गॅरेजात एका पोराची दोन बोटं त्यात चेचली होती, तेव्हापासून मी ब्रेकच्या कामाला कॉम्प्रेसरची नळी जवळ येऊ देत नाही.

दुसरं, पिस्टनच जाम आहे हे कशावरून? कॅलिपरला ब्रेक ऑईल नेणारा रबरी होज पाइप आतून फुगला तरी असंच होतं. पायाच्या जोरानं ऑईल पुढं जातं, पण परत येत नाही. पॅड-कॅलिपर परत बसवा, चाक जॅकवर घ्या, ब्रेक दोनचार वेळा दाबून सोडा. चाक धरलं की हवा काढायचं निप्पल जरा सैल करा. ऑईलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर पिस्टन निर्दोष, दाब वरच अडकलाय, बहुतेक होजमध्ये. तरीही धरूनच राहिलं तर पिस्टन नाहीतर कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना. आतला पॅड जास्त झिजलाय म्हणता, पिनाही हातानं हलवून बघा.

आणि एक सांगा, पॅड कधी बदलले होते?

जुळे_सोलापूरकर
काका, निप्पल सोडलं, ऑईल आलं, चाक तसंच. पिना दोन्ही सरकतात. पॅड दिवाळीत बदलले. पिस्टनवरचं रबर एका बाजूनं फाटलंय, हे आज दिसलं.

जुना_फिटर
मग झालं की निदान. पॅड झिजतो तसा पिस्टन हळूहळू बाहेर येतो. ते रबर म्हणजे डस्ट कव्हर, ते फाटकं असलं की त्या बाहेर आलेल्या भागावर पाणी-धूळ बसून गंज धरतो. नवे पॅड बसवताना मिस्त्रीनं तोच गंजका भाग पिस्टनभोवतीच्या रबरी सीलमधून आत रेटला. पिस्टनला मागं खेचणारी स्प्रिंग नसते, चौकोनी कापाचं सील जरासं पिळतं आणि सरळ होताना पिस्टनला केसभर मागं घेतं. गंजावर ते काय घेणार?

काढायचा तो पायानंच. होज लावलेलाच ठेवा, कॅलिपर ब्रॅकेटवरून उतरवा, समोर सागाची फळी धरा, खाली परात. दुसऱ्याला हळूहळू पॅडल दाबायला सांगा. बाकीच्या चाकांच्या पिस्टनना पुढं जायला जागा नसते, ढकललेलं ऑईल याच पिस्टनमागं जातं. पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. जुन्या गाडीत पॅडल पार तळाला गेलं तर मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पॅडलखालच्या ऑईल ढकलणाऱ्या पंपाचं, रबर कधी न गेलेल्या खरबरीत भागात जाऊन फाटतं, आणि एक काम करता करता दोन होतात. पॅडलनंही आला नाही तर कॅलिपर सोडवून होजच्या भोकात त्याच आट्याचं ग्रीस निप्पल लावा, हवेचं निप्पल बंद ठेवून ग्रीसगननं पंप करा. दणका न बसता बाहेर येतो. नंतर आतलं ग्रीस कणभरही ठेवू नका, साध्या ग्रीसनं ब्रेकचं रबर फुगतं.

पिस्टनवर नखाला खड्डा लागला तर तो भंगारात. पॉलिश पेपरचे लाड नकोत, सील त्याच पृष्ठभागावर चालतं. सिलिंडरच्या आतला हलका गंज मात्र बारीक पेपरनं जातो, सीलच्या खाचेतलाही काढा. सील नवीनच, आणि बसवताना ब्रेक ऑईल लावून. पेट्रोल-डिझेलनं धुवायचं नाही.

ऑईलही बदला. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑईल नवं असताना किमान २३० अंशांवर उकळतं, पाणी शोषल्यावर ती हद्द १५५पर्यंत येते. तुमची रिम बघता घाटात ऑईल उकळून पॅडल खाली गेलं नाही, ही आईचीच कृपा.

जुळे_सोलापूरकर
काम झालं. बायकोनं पॅडल दाबलं, तिसऱ्या दाबाला 'टक' करून सुटला. पिस्टनवर अर्ध्या गोलाईत खड्डे. पिस्टन, सील किट आणि दोन्हीकडचे पॅड नवीन घेतले. हवा काढायलाच तासभर गेला. फेंडरवर ऑईल सांडलं होतं, लगेच पाणी मारलं म्हणून रंग वाचला.

काल मोहोळपर्यंत जाऊन आलो. दोन्ही रिमा सारख्याच कोमट. उजव्या बाजूचं डस्ट कव्हरही बघितलं काका, तेही चिरलंय. पुढच्या रविवारी तेच.

होटगी_रोड_१३
परात घरातली वापरली का बे?

जुळे_सोलापूरकर
विषय काढू नको.