चित्रं-फोटो आवडतात खूप, पण नीट बघायचं कसं?

माहुलीघाट (सातारा):
नमस्कार मंडळी. शाळेत एलिमेंटरी दिली होती, बी ग्रेड आली, इंटरमिजिएटला काही ना काही कारणानं बसलोच नाही आणि तिथून पुढं पंचवीस वर्षं पेन्सिल धरली ती फक्त हिशेबाला. आता पोरगी आठवीत आहे, तिची चित्रकलेची वही बघता बघता परत ओढ लागली. मागच्या रविवारी तिला घेऊन औंधला गेलो, यमाईच्या डोंगरावरचं भवानी संग्रहालय, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ ला उभं केलेलं. आमच्या देवघरात आजीच्या वेळची रविवर्म्याची लक्ष्मी आहे, छापील, कडेनं ओल लागून तपकिरी झालेली, त्यामुळं मला वाटायचं रविवर्मा म्हणजे तसंच सगळं गुळगुळीत असणार. इथं हातानं रंगवलेलं तैलचित्र जवळून बघितलं तर दागिन्यावरची चमक म्हणजे पांढऱ्या-पिवळ्या रंगाचे नुसते दोन ठिपके, आणि चार पावलं मागं सरलं की सोनं! पोरीला चार वेळा पुढं-मागं नेलं. पण तिथंच हेन्री मूरचं आई आणि बाळाचं दगडी शिल्प आहे, त्याच्यापुढं मला काहीच कळेना, दोन मिनिटांत पुढं सरकलो. तेव्हापासून चुटपुट लागून राहिलीय. गाजलेल्या फोटोंचं पण तसंच होतं, बघितलं, भारी वाटलं, संपलं. तुम्ही लोक कसं बघता?

हळदीचं पेव (सांगली):
दादा, मी तीस वर्षं हायस्कूलला ड्रॉइंग शिकवलं, माझ्याकडं एकच उत्तर आहे, बघायचं असेल तर काढा. चांगलं यायलाच पाहिजे असं नाही. मार्गारेट बर्क-व्हाइट बाईंनी १९४६ ला काढलेला गांधीजी आणि चरख्याचा फोटो आठवा. काय करताहेत गांधीजी? सूत कातताहेत म्हणाल. मीपण तेच म्हणायचे. एकदा नववीच्या वर्गाला तो काढायला दिला आणि स्वतः फळ्यावर काढायला घेतला तर हात थांबलाच माझा. कातत नाहीयेत हो ते, खाली मान घालून कागद वाचताहेत. चरखा पुढं, माणूस त्याच्या मागं, आणि उजेड खिडकीतून येतोय. इतकी वर्षं तो फोटो मला पाठ होता आणि मी तो बघितलाच नव्हता. त्या बाईंना फोटोच्या आधी चरखा चालवायला शिकावं लागलं होतं, आणि त्या दिवशी दोन फ्लॅशबल्ब वाया गेल्यावर तिसऱ्याला फोटो मिळाला.
मूरच्या शिल्पात नाक-डोळे शोधू नका. वही घेऊन बसा आणि आई कुठं संपते, बाळ कुठं सुरू होतं ती रेघ तेवढी काढायला बघा.

कोयनाकाठ (कराड):
ताईंचं पटलं, पण माझा हात अजिबात चालत नाही, मी फोटोमागची गोष्ट शोधतो. डोरोथिया लँगनं काढलेला 'मायग्रंट मदर' हा फोटो बघा, १९३६, कॅलिफोर्नियातलं निपोमो, वाटाण्याचं पीक गेलेलं आणि मजूर तिथंच अडकलेले. फोटोतली बाई अवघी ३२ वर्षांची. दोन पोरांनी तोंडं फिरवलीत म्हणून सगळा भार तिच्या एकटीच्या चेहऱ्यावर येतो, आणि मांडीत तान्हं बाळ आहे ते तर लवकर दिसत पण नाही. तिचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे लोकांना कळलं १९७८ ला. जगभर छापला गेला तो फोटो, आणि तिला एक पैसा मिळाला नाही, तिला त्याचं वाईट वाटायचं.
हे वाचलं आणि माझ्या पोटात कालवलं, कारण २०१९ च्या पुरात सांगलीला मदत घेऊन गेलो होतो तेव्हा छावणीत एका आजीचा फोटो न विचारता काढला होता मी. भिंतीला टेकून, मांडीवर स्टीलचा डबा दोन्ही हातांनी धरून बसलेल्या. ग्रुपवर टाकला, तो कुठच्या कुठं गेला, मग त्यांच्या मुलाचा फोन आला की आईचा असा फोटो का फिरतोय. काय सांगणार त्याला? माफी मागितली. फोटो चांगला आला होता हेही खरंय, पण मला आता तो बघवत नाही. तेव्हापासून आधी विचारतो, मगच मोबाईल काढतो.

माहुलीघाट (सातारा):
दादा, तुमचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. विचारून काढायचं हे पोरीलापण सांगितलं, तिच्याही हातात मोबाईल असतोच.
ताई, काल रात्री जेवणं झाल्यावर देवघरातली लक्ष्मीच काढायला घेतली, पोरगी शेजारी. कमळं जमली, हात काही जमेनात. पण त्या हत्तीच्या सोंडेत हार आहे हो! चाळीस वर्षं रोज सकाळी हात जोडतोय त्या तसबिरीला आणि हार काल दिसला. आईला बोलावून दाखवला तर ती म्हणाली, मला माहितीय की.
दिवाळीच्या सुट्टीत परत औंधला जातोय, मूरच्या शिल्पापाशीच बसायचं ठरवलंय. पेन्सिल टू-बी नेऊ का फोर-बी?

हळदीचं पेव (सांगली):
दोन्ही न्या. रेघ टू-बीनं काढा, दगडाच्या सावलीला फोर-बी लागेल. आणि दोन वह्या न्या, पोरीला तिची वेगळी.